दहानं न भागलेली बातमी

आमच्या घरात माझ्या बोलण्याला दहानं भागायची रीत आहे. मी म्हणालो, देवळात हजार माणूस होतं, की माझी बहीण भाजी निवडता निवडता म्हणते, "म्हणजे शंभर." मी म्हणालो, अंगणात दहा फुटी नाग निघाला, की बायको म्हणते, "म्हणजे धामणीचं पिल्लू." कुणी चिडत नाही, मीही नाही. माझे वडील असंच बोलायचे आणि त्यांचं बोलणं आम्ही विसानं भागायचो. तेव्हा पिढीगणिक आमच्यात सुधारणाच होते आहे.

आणि ह्याच तोंडाचा माणूस गेली तीस वर्षं एका तमिळ पेपरचा तंजावूरचा वार्ताहर आहे. हसू नका. पेपरात मी कधी एक शब्द फुगवला नाही. सुरुवातीला एकदा 'प्रचंड गर्दी' असं लिहून पाठवलं, तर उपसंपादकांनी फोन करून विचारलं, "मोजलीस?" त्यानंतर मी जे शिकलो ते असं: दोन वेगळ्या माणसांकडून ऐकायचं, एकदा स्वतः जाऊन बघायचं, आणि मग जेवढं उरेल तेवढंच लिहायचं. उरायचं ते चार ओळींचं. त्यावरही माझं नाव कधी आलं नाही. 'आमच्या वार्ताहराकडून', एवढंच. तंजावुरात माझा शब्द हजारोंनी वाचला असेल, पण बसमध्ये मला जागा द्यायला एकही उठला नाही.

खरं तमिळमध्ये लिहायचं आणि खोटं मराठीत बोलायचं, अशी मी वाटणीच करून टाकली होती. कारण मराठी ही आमची आतून कडी लावलेली खोली. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आमची जी काही घरं उरली आहेत त्यांच्याबाहेर ती कुणाला कळत नाही. भाजीवाल्याच्या तोंडाकडे हसत बघून आम्ही एकमेकांना सांगतो, "घेऊ नकोस गे, वांगी किडकी आहेत." डॉक्टरासमोर डॉक्टराची, पाहुण्यासमोर पाहुण्याची, सगळी उणीदुणी आम्ही उघडपणे काढतो. शेकडो वर्षं ह्या खोलीतून आवाज बाहेर गेला नव्हता. तो बाहेर गेला माझा, आणि तोही एका रविवारी सकाळी, कॉफी पिताना.

त्यात माझ्या भाचीचा हात होता. ही बहिणीची मुलगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात फोनवर बातम्यांचं चॅनल चालवते. मराठी तिला सगळी कळते, बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला तमिळमध्ये उतरते, आणि देवनागरी अक्षरं तिला रांगोळीसारखी दिसतात. चॅनलवर ती तुंबलेलं गटार दाखवते, थांब्यावर न थांबणारी बस दाखवते, रेशनच्या रांगेत उन्हात उभी केलेली म्हातारी दाखवते. मला कबूल करायला जड जातं, पण गटार दुसऱ्या दिवशी साफ होतं. त्याच गटारावर मी चार वेळा बातमी दिली होती. माझ्या बातमीत लोकांनी वडे बांधून नेले. तिच्या व्हिडिओला महापालिकेचा माणूस फावडं घेऊन आला.

आमची भांडणं ठरलेली. ती म्हणायची, "मामा, तुमची बातमी उद्या येते. तोवर लोक जेवून, झोपून, उठून बसतात."

"आणि तुझी आत्ता येते. खात्री कधी करतेस?"

"चुकलं तर लोकच खाली लिहितात की, चुकलं म्हणून."

"ते लिहीपर्यंत?"

"लिहीपर्यंत काय, मामा?"

मी आपला डोसा मागायचो.

तर ती गोष्ट. कालव्यांना पाणी सुटलं होतं, पापनाशमच्या अलीकडच्या गावांत भाताची रोपं नुकतीच लावून झाली होती. शनिवारी कुणीतरी सांगितलं की तिथल्या एका कालव्याच्या बांधातून पाणी झिरपतं आहे. मी सकाळच्या बसनं गेलो. बांधाला एक खेकड्याचं बीळ पडलं होतं, माझी मूठ जेमतेम जाईल एवढं. पाण्याचे दरवाजे वरखाली करणारा जो सरकारी माणूस असतो, ज्याला इकडे लस्कर म्हणतात, तो कमरेइतक्या पाण्यात उतरून पायानं चिकणमाती ठासत होता. माझ्याच वयाचा, काटकुळा, डोक्याला टॉवेल बांधलेला. पहाटेपासून पाण्यातच होता, त्यामुळे हातापायांची बोटं सुरकुतली होती. काम झाल्यावर त्यानं वर येऊन वाळूची तीन पोती रचली, डब्यातलं ताक अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "सार, पेपरात लिहा, बांधावरून गुरं नेऊ नका म्हणून. खेकडा एकदाच भोक पाडतो, गुरं रोज ते मोठं करतात." मी चार ओळी पाठवल्या: गळती होती, बुजवली, धोका नाही, गुरं नेऊ नका. डेस्कवरून उत्तर आलं की जाहिराती जास्त आहेत, सोमवारी बघू.

हे झालं खरं.

रविवारी सकाळी मी बहिणीकडे गेलो. कॉफी आली, उपमा आला, आणि बहीण म्हणाली, "काल कालव्यावर गेला होतास ना? मेग काय झालं, अस्कं सांग की, पहिल्यापासून सगळं." आता मी काय सांगणार? खेकडा? ताक? बहिणीच्या घरात मी आजवर रिकाम्या हातानं गेलो असेन, रिकाम्या तोंडानं कधी गेलो नाही.

मी सांगितलं की बांधाला असं भगदाड पडलंय की त्यातून म्हैस जाईल, मागून तिचं रेडकू जाईल, आणि रेडकामागून गवळी छत्री उघडून जाईल. सांगितलं की लस्कर दरवाजाच्या खोलीत तंगड्या वर करून घोरत होता, असा की कालव्यातले बेडूक लाजून गप्प बसले होते. मी त्याला हलवलं, म्हटलं, "अरे बाबा, कावेरी चालली!" तर म्हणाला, "जाऊ दे सार, ती काय माझी सासू आहे अडवायला?" बहीण हसून हसून रडायला लागली. मेहुण्यांना उपम्याचा ठसका लागला. आणि भाची समोर बसून फोन धरून होती. ती नेहमीच फोन धरून असते. मला वाटलं, घरच्या ग्रुपवर टाकेल, बंगळूरची मावशी ऐकेल, दहानं भागेल, हसेल.

मी घरी आलो, आंघोळ केली. पंचा खांद्यावर टाकतोय तोच पापनाशमच्या एजंटचा फोन. आमचे पेपर तिथे तोच वाटतो.

"सार, लस्कराचं खरं का?"

"कोणत्या लस्कराचं?"

"बांध फुटल्यावर झोपलेला. व्हिडिओ सगळ्यांकडे आलाय. तंजावूरच्या जुन्या पत्रकारानं डोळ्यांनी पाहिलं म्हणे. आता लोक म्हणतायत, झोपलेला कसला, पैसे खाऊन त्यानंच बांध फोडू दिला, वरच्या गावाला पाणी वळवायला. तीन गावांची माणसं काठ्या घेऊन निघालीत. सार, आपल्या पेपरात का नाही आलं? मला विचारतायत, तुमच्या पेपरलाही वाटा मिळाला का?"

माझ्या अंगावरचं पाणी तिथल्या तिथे गार झालं. हे मी फुगवून सांगत नाही.

भाचीकडे पोचेपर्यंत मला दम लागला. ती कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "काय केलंस गे?"

"व्हिडिओ टाकला की. तमिळमध्ये खाली लिहून. मामा, कसला चाललाय माहितीय? इतका कधीच..."

"म्हैस जाईल एवढं भोक असतं का कुठे?"

"म्हैस नाही लिहिली. 'मोठं भगदाड' असं लिहिलं. म्हैस विनोदानं म्हणालात हे मला कळलं."

"आणि झोपलेला?"

"तो विनोद होता?"

तिच्या हातातली ओली साडी तशीच लोंबत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना मामा, स्वतः जाऊन बघितलेल्या माणसाला विचारायचं. मी तेच केलं. तुम्ही बघून आला होता."

दहानं भागायचं तिलाही माहीत होतं. लहानपणापासून भागत आली होती. पण आमच्याकडे आकडे भागतात, म्हशी भागतात, नाग भागतात. माणसाबद्दल बोललेलं भागायची रीतच नाही, कारण ते त्या माणसाला कधी कळतच नसे.

तिनं तिथेच व्हिडिओ काढून टाकला. मी पोलीस ठाण्याला फोन केला. तिकडून सांगितलं, जीप उत्सवाच्या बंदोबस्ताला गेलीय, आली की पाठवतो. डेस्कला फोन केला. तिथला नवा पोरगेला उपसंपादक एकदम जागा झाला. "सार, खरंच जमाव आहे? फोटो मिळेल? मारहाण झाली तर लगेच कळवा, पहिल्या पानाला बोलतो." शनिवारच्या माझ्या चार ओळींना जागा नव्हती. माणूस मेला असता तर तीन रकाने रिकामे होते.

आम्ही तिच्या स्कूटरवर निघालो. तिनं हेल्मेट घातलं होतं, मी तिच्या मागे पंचा डोक्याला गुंडाळून बसलो होतो. मी तीस वर्षं ह्या रस्त्यानं जातोय. नारळाची झाडं, कालवे, चहाच्या टपऱ्या मला तोंडपाठ आहेत. त्या दिवशी मी झाडं बघितलीच नाहीत. टपरीवर चार डोकी एका फोनवर वाकलेली दिसली की मी तोंड फिरवायचो. वाकलेली डोकी प्रत्येक टपरीवर होती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही थांबलो. आमच्या शेजारी एक जण मोटरसायकलवर पाय टेकून फोन बघत होता, आणि त्या फोनमधून मी बोलत होतो. माझा आवाज, माझी मराठी, मधेच बहिणीचं हसणं, मेहुण्यांचा ठसका. ती कडी लावलेली खोली फाटकाशी उघडी पडली होती आणि तिच्यात कुणीही डोकावत होतं. माझ्या भाचीनं काढून टाकलेलं दुसऱ्या कुणीतरी उतरवून ठेवलं होतं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: लाचखोर लस्कर. मी पंचा नाकापर्यंत ओढला. त्या माणसानं माझ्याकडे बघून मान हलवली, मला आजोबा करून म्हणाला, "बघा, तात्ता. ह्याला सोडायचा नाही." मी म्हणालो, "हं." एवढंच. त्याहून जास्त बोललो असतो तर त्यानं आवाज ओळखला असता. मला शरम वाटली, पण भीती शरमेच्या पुढे पळत होती. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि त्याची मोटरसायकल आमच्या पुढे निघाली. तोही तिकडेच चालला होता.

कालव्यावर पोचलो तेव्हा बांधावर माणसं होती. घरी असतो तर चारशे म्हणालो असतो. चाळीस होती, आणि चाळीस माणसं काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. लस्कराची सायकल पाण्यात फेकलेली, तिचं एक हँडल तेवढं वर दिसत होतं. त्याचा डबा उपडा. खोलीचं दार आतून बंद, आणि दारावर काठ्यांचे मार. गजांच्या खिडकीतून अंधार दिसत होता, माणूस दिसत नव्हता.

भाचीनं हेल्मेट काढलं तसा एक जण ओरडला, "चॅनलवाल्या अक्का आल्या!" लोकांनी तिला वाट करून दिली. बायकांनी तिचा हात धरला. मला कुणी बघितलंही नाही. मी तीस वर्षं ह्या गावांच्या बातम्या दिल्या होत्या, त्यांच्या पुलाची, त्यांच्या शाळेच्या छपराची, आणि माझं तोंड कुणाला माहीत नव्हतं. तिचं तोंड घराघरात माहीत होतं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आनंद आला. मी बघितला तो. मग ती खिडकीकडे वळली आणि पांढरी पडली.

"अण्णा, ऐका," ती म्हणाली. "व्हिडिओ चुकीचा होता. मी काढून टाकलाय."

"काढायला लावला तुम्हाला," फाटकावरचा तो माणूस म्हणाला. "आम्हाला माहितीय. कुणी धमकी दिली, सांगा अक्का. आम्ही आहोत."

"कुणी नाही. मीच..."

"घाबरू नका अक्का. लाइव्ह करा. आता हे दार तोडतो, सगळ्यांना दिसू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं फोन वर धरला आणि सुरू केला, पण दाराकडे नाही, बांधाकडे. खाली उतरून तिनं पोती दाखवली, माती ठासलेली जागा दाखवली, शेजारी आपला पंजा ठेवून दाखवला. "बघा, एवढंच होतं. खेकड्याचं बीळ. बुजवलंय." वरून कुणीतरी ओरडलं, "आता बुजवलंय! काल केवढं होतं ते सांगा!" दुसरा म्हणाला, "हिलाही दिला वाटा." मघाशी हात धरणाऱ्या बायका मागे सरकल्या.

तेव्हा मी बोललो. मला बोलायचं नव्हतं. मी त्या स्कूटरमागे पंचा ओढून उभा राहिलो असतो तर मला कुणी ओळखलं नसतं, आणि खरं सांगतो, पाय तेच म्हणत होते. पण पोरगी एकटी खाली उभी होती, तिच्या डोक्यावर बांधावर काठ्या होत्या.

"काल मी इथे होतो," मी तमिळमध्ये म्हणालो. "मी पाहिलंय. मूठभर भोक होतं. हा माणूस पाण्यात उभा होता, झोपला नव्हता."

फाटकावरच्या माणसानं मान तिरकी केली. फोन काढला, माझाच व्हिडिओ लावला, थोडं ऐकलं, माझ्याकडे बघितलं.

"हा म्हाताराच तो," तो म्हणाला. "आवाज तोच आहे."

कॉलर नव्हती, म्हणून त्यानं पंचाच धरला. त्याच्या तोंडाला पानाचा वास येत होता. "त्यात खोटं बोललास की आत्ता खोटं बोलतोयस?"

"त्यात."

"का?"

चाळीस माणसं ऐकत होती. मला एक चांगलं कारण सुचलं असतं. आयुष्यभर मला कारणं सुचत आली आहेत. त्या वेळी तोंडात फक्त खरं होतं.

"हसवायला," मी म्हणालो. "बहिणीला हसवायला."

कुणी हसलं नाही. त्यानं मला सोडलं नाही, ढकलत उतारावरून खाली नेलं. "मूठभर भोक ना? काढ ती माती. घाल हात. आम्हाला दाखव." त्याच्यामागून दहा-बारा जण उतरले. एकानं वाळूचं पोतं ओढून बाजूला फेकलं. दुसऱ्यानं काठी मातीत खुपसली.

आणि खोलीतून किंकाळी आली.

"माती काढू नका! अरे, माती काढू नका!" लस्कर खिडकीशी आला होता. गज दोन्ही हातांनी धरून, डोळे बाहेर आलेले. इतका वेळ दारावर काठ्या पडत असताना त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. "ओली आहे ती! बांध जाईल! खाली उतरा सगळे, पाय काढा तिथून! चाळीस माणसं उभी राहिलीत ओल्या बांधावर, कळत नाही का, गाढवांनो!"

काठी खुपसणाऱ्याच्या पायाशी पाणी आलं. करंगळीएवढं. मग दोन करंगळ्यांएवढं, आणि त्याबरोबर माती.

त्या जमावात एक म्हातारी बाई होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली. ती कोण हे मला माहीत नाही. तिनं ते पाणी बघितलं आणि काठीवाल्याच्या पाठीत दणका घातला. "माझी रोपं खाली आहेत रे! उतर! सगळे उतरा!"

त्यानंतर मी जे बघितलं तसं पुन्हा बघायला मिळणार नाही. त्याला मारायला आलेली माणसं त्याच्याकडेच बघत उभी राहिली, आता काय करायचं म्हणून. तो खिडकीतून सांगत होता. पोती खोलीमागे आहेत. पोतं वर नको, खालून लावा. आडवं नको, उभं. माती हातानं नाही, टाचेनं ठासा. भाचीनं फोन खाली ठेवला आणि घमेलं उचललं. फाटकावरचा माणूस कमरेइतक्या पाण्यात उतरून टाचेनं माती ठासत होता आणि ठासता ठासता लस्कराला शिव्या देत होता. लस्कर त्याला शिव्या देत सांगत होता, "अजून, अजून, डावीकडे." मीही पोती वाहिली. किती ते विचारू नका, दोन.

पाणी थांबलं. माणसं घाम पुसत बसली. कुणी लस्कराची माफी मागितली नाही. एक जण म्हणाला, "तरी पैसे घेतलेच असतील." दुसरा म्हणाला, "बघू नंतर." 'नंतर' हा शब्द ऐकून खिडकीतला चेहरा पुन्हा आत गेला. भाचीच्या फोनवर सगळं चालूच राहिलं होतं, पण तो आकाशाकडे तोंड करून पडला होता. बघणाऱ्यांना नुसतं आभाळ दिसलं असेल, आणि आवाज.

लोक दोघं-तिघं करून पांगायला लागले. मी दाराशी जाऊन हलकेच वाजवलं.

"मी, कालचा पेपरवाला. उघडा."

मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून आवाज आला. तो दाराला पाठ लावून बसला असावा. "माझी मुलगी कोयंबतूरला दिली आहे," तो म्हणाला. "तिच्या सासरी गेलं का हे?"

मला माहीत नव्हतं. गेलं असेल म्हणालो असतो तर तो खचला असता, नाही म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"पेपरात येईल का, मी झोपलो नव्हतो म्हणून?"

"लिहीन. छापतील की नाही, माहीत नाही. काही घडलं नाही, हे ते सहसा छापत नाहीत."

"घडलं की," तो म्हणाला.

भाची बाजूला उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर चिखल. तिनं तमिळमध्ये हळूच म्हटलं, "अय्या, मी रोज सांगेन. रोज नवा व्हिडिओ करून."

"नको," आतून आवाज आला. "माझ्याबद्दल आता पुन्हा काही टाकू नका, अम्मा."

ती तोंड दाबून उठली आणि कालव्याच्या काठाशी गेली. सायकलचं हँडल धरून ती ओढायला लागली, एकटीच.

"सगळे गेले का?" त्यानं विचारलं.

मी वळून बघितलं. बांध मोकळा होता. पण वळणावर, वडाखाली, मोटरसायकली उभ्या होत्या आणि त्यांच्यावर माणसं, तोंडं आमच्याकडे. त्यांत फाटकावरचाही होता. जीपचा पत्ता नव्हता.

गेले म्हणालो असतो तर त्यानं दार उघडलं असतं. मला ते दार उघडायला हवं होतं. मला घरी जायचं होतं.

"पाच गाड्या आहेत," मी म्हणालो.

"मोजल्या?"

"मोजल्या."

"मग मी बसतो आत."

मी उंबऱ्यावर, त्याच्या पाठीच्या पलीकडे, पाठ लावून बसलो. ऊन दारावर आलं. थोड्या थोड्या वेळानं तो विचारायचा, "किती?" आणि मी प्रत्येक वेळी उठून, डोळ्यांवर हात धरून, वडाखालच्या गाड्या एकेक करून मोजायचो. चार. पुन्हा चार. मग पाच, कारण एक परत आली होती. तेही सांगितलं. आतून हुं झालं. मग तीन. भाचीनं सायकल बाहेर काढली होती आणि साखळीतला गाळ काटकीनं उकरत होती, मान वर न करता.

"किती, सार?"

"तीन," मी म्हणालो, आणि खात्री करायला पुन्हा उठलो.